प्लेटखालचा आवाज

दार दोन वाजता उघडणार होतं. बारा वाजता रांग जिना उतरून रस्त्यावर आली आणि एकच्या सुमारास ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत पोचली. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी याआधी फक्त इस्पितळाच्या आवारात पाहिली होती. कोणी पुढे घुसत नव्हतं, कोणी कोणावर खेकसत नव्हतं. रांगेतल्या प्रत्येकाचं कोणीतरी गेलेलं होतं आणि आज ते बोलणार होतं.

ताई, भावोजी आणि मी जिन्यात उभे होतो. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिची एकुलती एक लेक चार महिन्यांपूर्वी तापानं नऊ दिवसांत गेली. चणीनं लहान, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. सव्वीस वर्षांची होती, तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. ती गेल्यापासून ताईच्या घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला होता.

"तुला यायचं नसेल तर अजूनही परत जा," ताई मला म्हणाली. "पण तिथे तोंड वाकडं करून बसू नकोस."

"नाही करत."

"आणि हसू नकोस."

आत गेलो. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. भिंतीवर 'गाद्या' हा शब्द पुसट दिसत होता आणि फरशीवर कपाटं उभी असल्याचे चौकोन उमटले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या दाटीनं मांडल्या होत्या. समोर एक बुटकं व्यासपीठ, त्यावर एक स्टँड, स्टँडवर एक विजेची गिटार. बाजूला गुडघाभर उंचीचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. दोघांमध्ये एक काळी केबल. बस्स, एवढंच.

मग तो आला. फिकट निळा, लांब बाह्यांचा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. आवाज असा मऊ, की शेवटच्या रांगेतल्यांनी आपोआप पुढे वाकावं.

"मी गुरू नाही," तो म्हणाला. "महाराज नाही. माझ्या पाया पडू नका. टपाल आणून देणाऱ्याच्या कोणी पाया पडतं का? मी फक्त निरोप्या."

हे ऐकून पहिल्या दोन रांगा त्याच्या पाया पडल्या.

माझे भावोजी एकतीस वर्षं टपालखात्यात होते. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "आम्ही तरी पाकीट फोडत नव्हतो."

निरोप्यानं गिटारीकडे बोट केलं. "शंका घ्या. शंका ही पवित्र गोष्ट आहे. इथे कोणी संगीत जाणणारं आहे?"

शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. त्यांनी वर जाऊन गिटार मागून-पुढून पाहिली.

"बाई, विजेच्या गिटारीला आवाज कशानं येतो?"

"पिकअपनं. तारांच्या खाली असतो तो. पट्टीसारखा."

"इथे आहे?"

बाईंनी हात फिरवला. तारांखाली नुसती पांढरी, गुळगुळीत प्लास्टिकची प्लेट होती. तिला आमच्या धंद्यात पिकगार्ड म्हणतात. गिटार वाजवताना लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून ती बसवलेली असते. तिच्यावर ना खाच, ना भोक.

"नाही," बाई म्हणाल्या. "यात पिकअपच नाही."

सभागृहभर एक सुस्कारा पसरत गेला.

"म्हणजे या वाद्याला कान नाही," निरोप्या हळूच म्हणाला. "ज्याला आपला कान नाही, तोच दुसऱ्याचं ऐकू शकतो. उघडून बघायचंय कोणाला? जरूर उघडा! फक्त आज ज्यांचं माणूस येणार आहे, त्यांची परवानगी घ्या. वाटेवरच्या पाहुण्याच्या तोंडावर दार खिळखिळं केलं, तर तो परत फिरतो."

"नको, नको!" चारी बाजूंनी लोक ओरडले. बाई शरमून खाली बसल्या.

मी खुर्चीतूनच पुढे वाकलो. प्लेटचे अकरा स्क्रू मला ओळखू येत होते. दहा एका जातीचे, आणि अकरावा किंचित पिवळा. मूळचा हरवला म्हणून तो मीच माझ्या डबीतून काढून लावला होता.

आता माझा धंदा सांगायला हवा. मी वाद्यं दुरुस्त करतो. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं, एवढं दुकान. आठ महिन्यांपूर्वी हाच माणूस, तेव्हा साध्या टी-शर्टमध्ये, ही गिटार घेऊन माझ्याकडे आला होता.

"समोरून काहीही दिसायला नको," तो म्हणाला होता. "पिकअप प्लेटखाली लपवून द्याल?"

"देईन की. पण कशाला?"

"देखणेपणा. मला स्वच्छ चेहरा आवडतो."

पिकअप म्हणजे मोठं गूढ काही नाही. एक लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादाची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये इवलासा प्रवाह उमटतो. अ‍ॅम्प तो मोठा करतो. प्लास्टिकला चुंबकाशी काही देणंघेणं नाही. चुंबकाच्या दृष्टीनं ती प्लेट नसल्यातच जमा. मी लाकूड आणखी कोरलं, पिकअपखाली स्पंजाचे तुकडे ठेवून तो प्लेटला टेकेल इतका वर उचलला, तारांची उंची थोडी कमी केली. तीन दिवस त्यावर बसलो होतो. काम इतकं सफाईचं झालं, की मी बायकोला दुकानात बोलावून दाखवलं. त्यानंही माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुमच्यासारखे कारागीर आता राहिले नाहीत." आठवडाभर मी त्या वाक्यावर तरंगत होतो.

तोच माणूस आता व्यासपीठावर डोळे मिटून उभा होता.

त्यानं ताईचं नाव पुकारलं. ताई उठून पुढे गेली. निरोप्यानं उजवा हात प्लेटच्या वर, चार बोटं अंतरावर धरला. स्पर्श नाही. तारा स्तब्ध. अ‍ॅम्पमधून आधी नुसती घरघर आली.

"येतायत," तो म्हणाला. "लांबून येतायत… जवळ… आणखी जवळ…"

हात खाली गेला, आणि घरघरीतून बारकीचा आवाज आला.

"आई…"

तिचाच आवाज होता, त्यात तसूभरही शंका नाही. 'आ' किंचित लांबवायची तिची सवय, सर्दी असल्यासारखं नाकातून बोलणं.

"आई… सुई नको आता. बस झालं."

हात वर गेला. आवाज विरला. ताई तिथेच गुडघ्यांवर बसली आणि अशी रडली की सगळं सभागृह तिच्याबरोबर रडलं. भावोजींनी तोंड ओंजळीत लपवलं. त्या क्षणी मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की या प्लेटखाली पिकअप आहे आणि तो मी बसवलाय. मी उठलो नाही. लोक म्हणतील, हाही सामील. ताईच्या चेहऱ्यावर चार महिन्यांनी रक्त आलंय. आणि आवाज कुठून आला, ते तर मलाही ठाऊक नाही. अशी कारणं मी एकामागून एक स्वतःला देत गेलो. सगळी बरी होती. एकही पुरेसं नव्हतं.

ताईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. इन्सुलिन घेते, दिवसातून तीनदा, पोटात टोचून.

त्या संध्याकाळी तिनं सुई घेतली नाही.

सोमवारी दुपारी भावोजी माझ्या दुकानात आले. खुर्ची असून बसले नाहीत.

"ती म्हणते, पोरीनं सांगितलंय. सुई नको. मी हात जोडले, ओरडलो. म्हणते, तुम्हाला तिचं ऐकायचं नाहीये का?"

"भावोजी, बारकीचा फोन कुठे आहे?"

"त्याच्याकडेच. आठवडाभर आधी द्यावा लागतो. त्यात माणसाचा स्पर्श राहतो म्हणे. आणि कुलूप काढून द्यायचा. कुलूप असलेल्या घरात पाहुणा कसा शिरेल, असं म्हणाला."

"तुम्ही कुलूप काढून दिलंत?"

"मी दिलं," ते म्हणाले. "मीच दिलं."

ते गेल्यावर मी दार ओढून घेतलं. बारकीचा आवाज फोनमधून आला हे उघड होतं. कोणाकोणाला पाठवलेले बोलके निरोप त्यात साठलेले असणार. प्रश्न एवढाच, की तो गिटारीत शिरला कसा. मी एक जुनी गिटार अ‍ॅम्पला जोडली आणि वेड्यासारखा तिच्याकडे बघत बसलो. पिकअपला कान नसतो. त्याच्यासमोर कितीही ओरडा, त्याला ऐकू येत नाही. त्याला फक्त चुंबकाची हालचाल कळते. मग मला त्याचा हात आठवला. खाली गेला की आवाज मोठा, वर गेला की लहान. आणि भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बंद केलेली बाही.

तांब्याच्या तारेचं रीळ माझ्याकडे होतंच. रुपयाएवढं एक वेटोळं केलं, त्याची दोन टोकं तुटक्या इअरफोनच्या वायरला डाख देऊन जोडली, वायर फोनमध्ये घातली आणि बातम्या लावल्या. वेटोळ्यातून अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. ते मी गिटारीच्या पिकअपजवळ नेलं.

अ‍ॅम्पमधून एक बाई स्वच्छ आवाजात हवामान सांगायला लागली.

इतकंच होतं ते. फोनमधला प्रवाह वेटोळ्यात, वेटोळ्याचं चुंबकक्षेत्र पिकअपमध्ये, पिकअपमधून अ‍ॅम्पमध्ये. मध्ये ना स्पर्श, ना जोडलेली वायर. शाळेच्या पुस्तकातला धडा. मी त्यात लपवालपवीचं अर्धं काम करून दिलं होतं.

मंगळवारी सगळं सामान घेऊन ताईकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर गिटार ठेवली, तिच्यासमोर वेटोळं फिरवलं. अ‍ॅम्पमधून क्रिकेटचं समालोचन आलं. ताई पाणी पीत बघत होती. एक तांब्या संपवून तिनं दुसरा घेतला.

"आणि त्याच्या गिटारीत पिकअप आहे, ताई. मी बसवलाय. या हातांनी."

तिनं तांब्या खाली ठेवला. "रविवारी ठाऊक होतं तुला?"

"हो."

"मग रविवारी का नाही बोललास?"

मी वेटोळ्याची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिलो.

"बरं," ती म्हणाली. "तुझी गिटार क्रिकेट ऐकवते. आता मला सांग, बारकी मला 'सुई नको' असं कधी म्हणाली होती? तिनं मला पाठवलेले सगळे निरोप मी तोंडपाठ केलेत. त्यात हे नाही. कुठेच नाही. मग ती कधी म्हणाली?"

"दुसऱ्या कोणाला म्हणाली असेल. तिच्या फोनमध्ये—"

"तिच्या फोनमधलं आम्ही ऐकलेलं नाही. दुसऱ्याची पत्रं वाचायची नाहीत, ही या घराची शिस्त आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू यंत्रं दुरुस्त करतोस. माणसं नाही. जा तू आता."

बुधवारी ताईच्या डॉक्टरबाई स्वतः घरी येऊन गेल्या. त्या भांडल्या, चिडल्या, शेवटी ताईचा हात धरून बसल्या. "अहो, हे असं आणखी चार दिवस चाललं तर आधीच थकलेली मूत्रपिंडं हातची जातील." ताई म्हणाली, "माझी मुलगी खोटं बोलत नाही." मुलगी खरंच खोटं बोललेली नव्हती.

बारकीनं इस्पितळातून कोणाला निरोप पाठवले असतील, याचा विचार करत मी शुक्रवारी तलावावर गेलो. तिथे तिच्याबरोबर शिकवणारी तिची मैत्रीण ओल्या फरशीवर शिट्टी गळ्यात घालून उभी होती. मी तिला गिटारीतून आलेली ती दोन वाक्यं सांगितली. तिनं शिट्टी गळ्यातून काढली.

"मामा, हे तुम्हाला कोणी सांगितलं? हे ती मला म्हणाली होती."

तिनं फोन काढून पुसला आणि निरोप शोधला. क्लोरीनच्या वासात, पोरांच्या आरडाओरड्यात आम्ही दोघं भिंतीला टेकून तो ऐकला.

"अगं, हाताची नुसती चाळणी झालीय. सुई नको आता. बस झालं. रडले मी आज, खरंच. पण आईला सांगू नकोस हं. ती विचारेल, तर म्हणावं, बारकी शहाण्यासारखी टोचून घेतेय, तूही वेळेवर टोचून घे. चुकवलीस तर घरी आल्यावर पहिली तुझी खबर घेईन."

त्यानं मधली दोन वाक्यं कापून घेतली होती आणि दुसऱ्या कुठल्या तरी निरोपातलं 'आई' पुढे चिकटवलं होतं. ताईला मधुमेह आहे हे बहुधा त्याच्या गावीही नव्हतं. त्याला फक्त एक हळवं, अर्धवट वाक्य हवं होतं. सुटका झाल्यासारखं वाटेल असं.

आम्ही तिथूनच ताईकडे गेलो. तिनं दार उघडलं नाही. भावोजी आतून म्हणाले, "ती म्हणते, तुम्ही तिला काहीतरी बनवून ऐकवाल. जे ऐकायचं ते रविवारी तिथेच ऐकेन." मी दाराबाहेरून मैत्रिणीच्या फोनवर तो निरोप लावला, आवाज पूर्ण वाढवला. आत कोणीतरी मिक्सर सुरू केला.

रविवारी ताईला खुर्चीवर बसवून चौघांनी जिना चढवला. ओठ सुकून पांढरे पडले होते, श्वास जोरात चालला होता. डॉक्टरबाई आधीच म्हणाल्या होत्या, उचलून इस्पितळात न्या. पण जी शुद्धीत आहे आणि नको म्हणते, तिला उचलायचं कोणी? भावोजी म्हणाले, "तिथे ऐकल्यावर येते म्हणालीय. आधी तिथे नेऊ."

निरोप्यानं पुन्हा तेच सुरू केलं. शंका पवित्र, कान नसलेलं वाद्य, वाटेवरचा पाहुणा. "कोणी तपासणार आहे?"

मी उठलो. बारकीची मैत्रीण माझ्यामागून आली.

त्यानं मला ओळखलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचा मऊपणा सरकला आणि लगेच परत जागेवर आला. "या, या. जाणकार दिसता."

"मी वाद्यं दुरुस्त करतो," मी लोकांकडे तोंड करून म्हणालो. "ही गिटार माझ्या दुकानात आली होती. या प्लेटखाली पिकअप आहे. तो मी लपवलाय. मला वाटलं, शोभेसाठी हवाय. गेल्या रविवारी मला कळलं, आणि मी गप्प बसलो. चूक माझी आहे."

"बघा!" निरोप्या हसला. "किती दुःख आहे या माणसात. आपण त्यांच्यासाठी—"

मैत्रिणीनं फोनवर बोट दाबलं. माझ्या वेटोळ्याची वायर त्यात खोचलेलीच होती. मी वेटोळं प्लेटवर टेकवलं.

बारकीचा आवाज अ‍ॅम्पमधून आला, अख्ख्या सभागृहात. चाळणी झालेला हात. सुई नको आता. बस झालं. आणि मग ते, जे कोणी ऐकलं नव्हतं: तूही वेळेवर टोचून घे. चुकवलीस तर घरी आल्यावर पहिली तुझी खबर घेईन.

ताईनं मान वर केली. तिला समजलं. समजताना मला दिसलं.

मग मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि एकेक करून अकरा स्क्रू काढले. कोणी नको म्हटलं नाही. तारा सैल करून प्लेट उचलली आणि खालचा काळा पिकअप सगळ्यांना दाखवला. संगीताच्या बाई ताडकन उठून वर आल्या. "बाहीचं बटण काढा बरं," त्या निरोप्याला म्हणाल्या, वर्गात एखाद्याची मूठ उघडायला लावावी तशा. त्यानं हात मागे घेतला, बाईंनी बाही ओढली, बटण उडालं. मनगटावर चिकटपट्टीनं लावलेलं तांब्याचं वेटोळं होतं. एक वायर कोपरापाशी बाहीत शिरत होती.

मला वाटलं होतं, आता लोक चिडतील. त्याला जाब विचारतील. अशा गोष्टींत तसंच होतं असं मी वाचत आलो होतो.

निरोप्यानं शांतपणे बाही खाली केली. "हो, आहे पिकअप," तो म्हणाला. "आहे वायर. नाही कुठे म्हणालो? पत्र यायला पत्रपेटी लागत नाही का? पेटी माणसानं बनवली, म्हणून पत्र खोटं ठरतं का?"

आणि कितीतरी माना हलल्या. होकारार्थी.

"पत्र यांनी चोरलंय!" भावोजी उभं राहून ओरडले. इतक्या मोठ्यानं ते आयुष्यात बोलले नसतील. "दुसऱ्याचं पत्र फोडून, फाडून, अर्धं वाचून दाखवलंय यांनी!"

तिसऱ्या रांगेतला एक शिंपी उठला. त्याची बायको वर्षभरापूर्वी गेली होती. तो माझ्याजवळ आला. वाटलं, आभार मानेल.

"झालं तुमचं समाधान?" तो म्हणाला. "पुढचा नंबर माझा होता."

या गोंधळात निरोप्या पाणी प्यायला म्हणून मागच्या खोलीत गेला. तिथल्या कपाटात लोकांनी दिलेले फोन होते. मागचं दार बोळात उघडत होतं. आमच्या लक्षात येईपर्यंत कपाट रिकामं होतं, आणि दारातली ज्याला वाटतील तेवढे पैसे टाकायची पेटीही गेली होती. गिटार मात्र राहिली, सालं काढल्यासारखी उघडी. तरी कितीतरी माणसं तिथेच बसून होती. तो परत येईल म्हणून पाच वाजेपर्यंत बसली होती, असं मला संगीताच्या बाईंनी नंतर सांगितलं.

आम्ही तोवर इस्पितळात होतो. ताईनं टॅक्सीतच भावोजींपुढे हात केला. "द्या," म्हणाली. "सुई द्या." डॉक्टरांनी तिला वाचवलं. अकरा दिवस लागले. मूत्रपिंडं मात्र वाचली नाहीत. आता आठवड्यातून तीनदा तिला यंत्राला जोडतात, चार चार तास. दर खेपेला हातात दोन जाड सुया.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. लिहिताना हवालदारानं दोनदा विचारलं, "म्हणजे गिटार बोलायची? कोणती भाषा?" फोन मिळाले नाहीत. बारकीचा फोन, त्यातले फोटो, त्यातलं तिचं बोलणं, सगळं गेलं. मैत्रिणीनं तिच्याजवळचा तो एक निरोप ताईला पाठवला. ताईनं तो पुन्हा ऐकलेला नाही. "त्यात मला तिचा आवाज नाही ऐकू येत," ती म्हणाली. "मी काय केलं ते ऐकू येतं."

ती माझ्याशी बोलते. तोडून नाही बोलत. यंत्राला जोडलेली असताना मी कधीकधी शेजारी बसतो. परवा तिनं डोळे न उघडताच विचारलं,

"अरे, दोन तासांवरच्या गावात म्हणे एकजण आहे. काचेच्या भांड्यात पाणी ठेवतो नुसतं. गिटार नाही, तार नाही, काही नाही. आणि पाण्यातून आवाज येतो."

"ताई…"

"पाण्यात पिकअप नसेल ना रे?"

"पाण्यात नसेल," मी म्हणालो. "भांड्याखाली काहीतरी असेल. टेबलात असेल. मला अजून ठाऊक नाही, पण असेल."

"हं," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिला माझं पटलं होतं. तरी तिला जायचं होतं. दोन्ही मला दिसत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. एका माणसाला उघडं पाडून काही बदललं, असा दावा मी करत नाही. तो दुसरीकडे दुसरं काहीतरी घेऊन उभा असेल आणि जिन्यावर रांग असेल. तुम्ही त्या रांगेत असाल तर तुम्हाला मूर्ख म्हणायचा अधिकार मला नाही. माझी बहीण मूर्ख नव्हती. फक्त एवढं करा. गेलेल्या माणसाचा फोन, वही, पत्रं कोणाच्या हवाली करू नका. जो म्हणेल उघडून बघा, पण आत्ता नको, त्याच्यासमोरून उठून या. कोणाचा आवाज काहीही सांगो, औषध थांबवायचं की नाही हे डॉक्टरला विचारा. मेलेली माणसं बोलत नाहीत. ती जिवंत असताना जे बोलली, तेवढंच आपल्याजवळ असतं. ते पूर्ण ऐका.

आणि तुमच्यापैकी कोणाला प्लेटखाली काय आहे ते ठाऊक असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. मी सात दिवस पाहिली.